अशोकाला आंब्याची फांदी

"झाडं धुवायची म्हंजे?" अंजिरानं विचारलं.

"म्हंजे धुवायची," बापू मेटकरी म्हणाला. "एकेक पान धरून घासायचं. साहेबांचा हुकूम हाय."

"साबणानं का शिकेकाईनं?"

"आदी तुझ्या तोंडाला साबण लाव."

"न्हाई, विचारलेलं बरं. उद्या म्हनशील, वेण्या का घातल्या न्हाईत."

आम्ही बाया खदाखदा हसलो. बापूही हसला, पण इकडेतिकडे बघून. तो आमचा मुकादम. खताच्या कारखान्यात झाडलोटीचा ठेका होता, त्यावर आम्ही होतो. गेटपासून ऑफिसच्या पायऱ्यांपर्यंत दोन्ही अंगांना अशोकाची झाडं लावलेली होती. त्यांच्यापुढे एक मोठा फलक होता. त्यावर काय लिहिलंय ते तेव्हा मला वाचता येत नव्हतं. पुढे उतारवयात अक्षर शिकले आणि मुद्दाम जाऊन बघितलं, तर फलक गंजून त्याची चाळण झालेली. काहीतरी हिरवं-हिरवं म्हटलेलं असणार. पत्रासुद्धा ते खोटं फार दिवस अंगावर वागवू शकला नाही.

तर आम्ही बादल्या घेतल्या, फडकी घेतली आणि झाडांना अंघोळ घालायला लागलो.

हे कशासाठी, ते आम्हाला चांगलं ठाऊक होतं. कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून आमची वस्ती, भट्टीमाळ. कारखान्याच्या आधीपासूनची. धुराड्यातून आंबूस वास सुटला की डोळे चुरचुरायचे, पोरं रात्रभर खोकायची. माझ्या दारातला शेवगा वाळला, अंजिराचा कढीपत्ता कडेकडेनं जळून गेला. आम्ही अर्ज केला. त्यावर कारखान्यानं सांगितलं की हा सगळा वस्तीतल्या चुलींचा धूर. झाडं त्यानंच मरतायत, पोरं त्यानंच खोकतायत. वस्ती उचलून नदीच्या पलीकडे पूरपट्टीत न्या, म्हणजे दोघांचंही भलं होईल. प्रांतसाहेबांनी मग कॉलेजातल्या एका बाईंना नेमलं. त्या गेटवरच्या झाडांची आणि वस्तीतल्या झाडांची पानं नेऊन तपासणार आणि झाडं चुलीनं मरतायत का धुराड्यानं ते सांगणार होत्या. चुलीनं असं निघालं की आमची घरं गेली.

म्हणजे माझ्या घरावर नांगर फिरायचा का नाही, ते ज्या पानांवर ठरणार होतं, तीच पानं मी रोजंदारीवर धूत होते. दुसरं काय करणार? हातावर पोट.

दुपारी धारवाडकर साहेब बघायला आले. कारखान्याचे मॅनेजर. गोरा माणूस, कपड्यांची इस्त्री कधी मोडायची नाही. झाडाकडे असा बघायचा, की खुर्चीला पॉलिश बरोबर लागलंय का ते तपासतोय असं वाटावं. आम्हाला कधी नावानं हाक मारली नाही. आम्ही सगळ्या मिळून 'लेडीज'.

"लेडीज, हे काय? धूळ गेली, पण कडेचे हे तपकिरी डाग तसेच आहेत."

"डाग न्हाईत साहेब," मी म्हणाले. "पान करपलंय."

"मग नीट घासा."

"करपलेलं घासून जात आसतं, तर माझी आमटी कवाच सुधारली आसती," अंजिरा माझ्या कानाशी पुटपुटली.

साहेबांनी स्वतः एक पान रुमालानं पुसून बघितलं. पान फाटून हातात आलं. ते त्यांनी असं टाकलं, की जणू पानानंच त्यांचा अपमान केला होता. मग थोडा वेळ विचार केला. एवढ्या शिकलेल्या माणसाचा विचार, म्हणून आम्हीही गप्प उभ्या राहिलो.

"बापू, नदीपलीकडं माझा बंगला आहे ना? तिथं अशोक आहेत. हिरवेगार. टेम्पो घेऊन जा, फांद्या आणा आणि इथल्या खालच्या फांद्यांवर बांधा."

"बांधू?"

"हिरव्या दोऱ्यानं. दिसायला नको. ती बाई काही शिडी लावून चढणार नाही. हात पोचेल तेवढं हिरवं असलं की झालं."

"आन् वरचं करपलेलं, साहेब?"

"वर कोण बघतं?"

एवढा मोठा कारखाना चालवणाऱ्या माणसाची ही अक्कल.

संध्याकाळी टेम्पोतून आम्ही पूल ओलांडला. बंगला चांगला होता, आजूबाजूला उसाची शेतं, चुलीचा धूर कुठं नावाला नाही. तिथं साहेबांची आई एकटी राहायची, एक कामवाली सोबतीला. माई म्हणायचे सगळे तिला. बारीक, ताठ म्हातारी, ओसरीवर बसून देवाची भांडी घासत होती.

"या गं बायांनो. आधी चहा घ्या, मग काय ते काम करा," माई म्हणाली आणि बोलता बोलता खोकायला लागली. खोकला थांबल्यावर पुडीतला ओवा तोंडात टाकला. "घसा सारखा खवखवतो बघा. मुलानं मुद्दाम इथं ठेवलंय मला. शहरात दम लागायचा, डॉक्टर म्हणाले मोकळ्या हवेत राहा."

"आता बरं हाय का मग, माई?" मी विचारलं.

"बरं म्हणायचं. हवा चांगली आहे ना इथली." तिनं हातातलं ताम्हन मला दाखवलं. "हेच एक काम दिवसभर पुरतं. आज लखलखीत घासावं, तर उद्या परत काळं-हिरवं. तांबंच भेसळीचं असेल."

कामवालीनं गॅसवर चहा केला. मी ताम्हनाला हात लावून बघितला. आमच्या वस्तीतलं तांब्याचं भांडं असंच दिसायचं. मी ताम्हन परत माईपुढं सरकवलं. मोठ्यांच्या घरातलं तांबं, मला काय कळणार?

बापू बागेत फिरून आला तो डोकं खाजवत.

"अशोक दोनच हाईत, ते बी पोरसवदा. फांद्या तोडल्या तर नुसता दांडा ऱ्हाईल. साहेब मला उभा चिरंल."

"मग?"

"आंबा मोप हाय."

आम्ही त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"काय बघता? अशोकाचं पान लांबडं, हे बी लांबडं. दसऱ्याला बाजारात आंब्याची पानं म्हनून अशोकाची खपवत्यात का न्हाई? सगळ्या गावाच्या दारावर लागत्यात. देवाला चालतंय, मग बाईला न चालायला काय झालं?"

"बाप्या, त्यो उलटा कारभार झाला," अंजिरा म्हणाली.

"उलटा काय आन् सुलटा काय. साहेबाला तरी कुठं वळखाय येतंय?"

ते मात्र खरं होतं.

माई हसून म्हणाली, "न्या की आंब्याच्या. भरपूर आहे. कशाला हव्यात एवढ्या?"

"सजावटीला, माई," बापू म्हणाला. "कारखान्यात पाव्हणी येनार हाय."

फांद्या रात्रभर पाण्याच्या पिंपात ठेवल्या आणि पहाटे आम्ही त्या बांधल्या. मी बांधलेली फांदी तर अशी बसली, की आंबा अशोकाच्या पोटचाच वाटावा. साहेब आले, लांबून बघितलं, जवळून बघितलं, पान बोटांत धरून उलटं-सुलटं केलं.

"बघा! याला म्हणतात अशोक," ते म्हणाले.

अंजिरानं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

कॉलेजातल्या उपळेकर बाई लूनावरून आल्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, पाठीला पिशवी. पानं ठेवायला त्यांनी आणलेली बर्फाची पेटी उचलायला साहेबांनी मला त्यांच्यासोबत दिलं. बाई पहिल्याच झाडापाशी थांबल्या. हातापाशी आलेलं पान तोडलं, चुरगाळलं, नाकाशी नेलं. मग पुन्हा एकदा नाकाशी नेलं. 

बाईंचा चेहरा हलला नाही. त्यांनी आणखी पानं तोडून प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत भरली, ती पेटीत ठेवली आणि साहेबांकडे वळल्या.

"छान ठेवलीयत झाडं."

"कंपनीचं धोरणच आहे, मॅडम. झाड म्हणजे आमच्या घरचं माणूस."

"दिसतंय. मोहोर येत असेल ना चांगला?"

"हो तर! दरवर्षी."

"आणि फळं?"

साहेब जरा अडखळले. "फळं... असतात. वॉचमन लोक खातात, काय करणार."

बापू मागच्या मागं गायब झाला. बाईंनी वर बघितलं. डोक्यावर खरा अशोक करपून उभा होता. त्यांनी पाठीवरच्या पिशवीतून लांब काठीची कात्री काढली, टप्प्याटप्प्यानं जोडली आणि शिडी न लावता वरची पानंही खाली पाडली.

साहेबांचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा उतरला. 'वर कोण बघतं' याचं उत्तर त्यांच्यासमोर उभं होतं, कॅनव्हासचे बूट घालून.

मग बाई आमच्या वस्तीत आल्या. लिंबाची पानं घेतली, पिंपळाची घेतली. अंजिराच्या दारात चूल पेटलेली, तिच्या धुराखालच्या कढीपत्त्याची घेतली.

"बाई, आमच्या चुलीनं मरतंय का हो झाड?" अंजिरानं विचारलं. या वेळी थट्टेनं नाही. थट्टा करणारी ती बाई, पण घर तिचंही जाणार होतं.

बाई पायरीवर बसल्या. "अळूचं फदफदं करता ना? चिंच टाकली की रंग काय होतो?"

"काळपट पडतंय."

"का पडतो? पानाचा हिरवा रंग असतो ना, त्याच्या पोटात एक धातू असतो, त्यानं तो हिरवा राहतो. आंबट लागलं की तो धातू सुटून जातो. धुराड्यातला वायू पानाच्या बारीक छिद्रांतून आत शिरतो आणि आतल्या पाण्यात मिसळून आंबट होतो. बाहेरून पान हिरवं दिसतं, आत त्याची भाजी होत असते. नंतर कडा करपतात. चुलीचा धूर निराळा. तो पानावर बसतो, पुसला की जातो."

"म्हंजे पुसल्यावर बी जे ऱ्हातं..."

"ते धुराड्याचं." बाई उठल्या. जाताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दोरा मात्र छान निवडला होता. अगदी हिरवा."

मी नुसती पेटी उचलली. हसायची हिंमत नव्हती.

प्रांताच्या कचेरीत सुनावणी झाली तेव्हा आम्ही वस्तीतल्या बाया भिंतीला टेकून उभ्या होतो. पुढच्या खुर्च्यांवर साहेब, त्यांचा वकील, कंपनीची माणसं. बाईंनी सांगितलं की वस्तीतली पानं आतून आंबट, गेटवरच्या अशोकाची वरची पानं आतून आंबट, आणि दोन्हींत गंधक नको तेवढं.

वकील उठला. "वस्तीचा धूर गेटपर्यंत येतो, त्याला कंपनी काय करणार?"

"त्यावर एक गंमत आहे," बाई म्हणाल्या. "गेटवरच्या अशोकाची खालची पानं अशोकाची नाहीत, आंब्याची आहेत. आंब्याची फांदी दोऱ्यानं बांधलेली होती."

खोलीत हशा उसळला. प्रांतसाहेबांनी चष्मा काढून धारवाडकरांकडे बघितलं.

"मला कल्पना नाही," धारवाडकर म्हणाले. "आमच्याकडे कामाला येणाऱ्या बायका याच वस्तीतल्या आहेत. कंपनीला बदनाम करायला त्यांनीच बांधली असणार."

असा माणूस. खोटं स्वतःचं, आणि ते अंगाशी आलं की आमच्या माथी.

"फांदी कुणी बांधली यात मला रस नाही," बाई म्हणाल्या. "मला ती आली कुठून ते हवंय. कारण ती पानं दिसायला एकदम निरोगी आहेत. एकही डाग नाही. पण आतून तीही आंबट निघाली. ती जर वस्तीच्या जवळची असतील तर चुलीचा वाद चालू राहील. लांबची असतील, तर वाद संपला."

बापू दाराशी उभा होता, तो खाली बघत होता. बोललं तर काम जाणार, नाही बोललं तर घर जाणार. बापूला घर दुसरीकडे होतं.

"मी सांगते," मी म्हणाले.

सगळ्या माना फिरल्या. धारवाडकरांचीही. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं असेल.

"नाव सांगा," प्रांतसाहेब म्हणाले.

"हौसा लोखंडे. फांदी मी बांधली, साहेबांच्या हुकमानं. अशोकाच्या आणा म्हनले हुते, तिथं मिळाल्या न्हाईत, म्हनून आंब्याच्या आणल्या. साहेबांच्या बंगल्यातनं. नदीपल्याड."

"तिथं जवळपास वस्ती आहे?"

"न्हाई. ऊस हाय नुसता."

"चुली?"

"गॅस हाय. आमाला त्याच्यावरच चहा करून दिला."

उपळेकर बाईंनी कागदावर एक रेघ ओढली. "वाऱ्याच्या वाटेवर आहे तो भाग. धुराडं उंच केलं, म्हणून जवळ थोडं कमी पडतं आणि तिथं जाऊन उतरतं. तिथं कोण राहतं?"

हे त्यांनी सहज विचारलं. त्यांना काही ठाऊक नव्हतं. आम्हा तिथं गेलेल्यांना होतं, आणि पुढच्या खुर्चीवरच्या एका माणसाला होतं. माझ्या डोळ्यांपुढे ते ताम्हन आलं. ओव्याची पुडी आली. मी धारवाडकरांकडे बघितलं. मनात म्हटलं, आता हा माणूस उठेल. काही झालं तरी आईचं पोर आहे. खुर्ची सरकवून उठेल आणि गाडी पुलाकडे घेईल.

ते उठले. कोटाचं बटण लावलं.

"माझी आई राहते तिथं," ते म्हणाले. "ती सकाळ-संध्याकाळ देवापुढं धूप जाळते. पुष्कळ धूर होतो. त्याचा परिणाम झाडांवर झाला असणार."

त्यांचा वकीलसुद्धा टेबलाकडे बघायला लागला.

"धारवाडकर, बसा," प्रांतसाहेब हळू म्हणाले.

आमची वस्ती हलली नाही. निकाल तिथल्या तिथं लागला नाही, लांबत गेला, पण हलली नाही. कारखान्याला धुराड्यात काहीबाही बसवायला लावलं. पुढे तो बंद पडला, तोवर वस्तीत निम्म्या घरी गॅस आला होता.

त्या दिवशी कचेरीबाहेर लिंबाच्या सावलीत साहेबांनी आम्हाला गाठलं. मला वाटलं, आईचं विचारतील. तिथं गेलात तेव्हा कशी होती, खोकत होती का, काय म्हणाली.

"मी अशोकाच्या सांगितल्या होत्या," ते म्हणाले. "अशोकाच्या! आंब्याच्या कुणी तोडल्या?"

"बापूनं," अंजिरा म्हणाली. "पन अशोक बी त्याच बागंतला, साहेब. त्यो काय येगळी हवा पीत हुता?"

त्यांना ते कळलंच नाही. ते बापूकडे वळले आणि त्याला तिथंच कामावरून काढलं. मला आणि अंजिराला काढायचं राहिलं होतं, ते दुसऱ्या दिवशी गेटवर उरकलं.

पुढे दसऱ्याला मी झेंडू आणि तोरणाची पानं घेऊन दारोदार फिरत होते. बापूनं भाड्यानं टेम्पो घेतला होता, तो मला पुलापलीकडे सोडून गेला. ऊस डोक्याएवढा उभा होता. बंगल्याचं फाटक उघडून मी ओसरीपाशी टोपली ठेवली. ओसरी रिकामी होती. ताम्हन नव्हतं, भांडी नव्हती. चौकटीवर मागच्या वर्षीच्या तोरणाचा नुसता दोरा लोंबत होता.

कामवाली बाहेर आली. तिनं मला ओळखलं.

"यंदा तोरण न्हाई गं," ती म्हणाली. "माई गेल्या, वर्ष व्हायचंय अजून."

"कवा?"

"पावसाळ्यात. दम लागला आन् उतरलाच न्हाई. इथनं हलवा म्हनत हुते डाक्तर. साहेब म्हनले, इथली हवा चांगली हाय. आता सोताच येऊन ऱ्हायलेत."

मी टोपली उचलली. तेवढ्यात माडीची खिडकी उघडली.

"कोण आहे? काय विकते ती?"

"तोरणाची पानं, साहेब," कामवाली म्हणाली.

"कसली पानं?"

मी मान वर केली. केस पांढरे झाले होते, पण इस्त्री तशीच. त्यांनी मला ओळखलं, ते त्यांच्या डोळ्यांत दिसलं. मी टोपलीतलं एक पान घेतलं, चुरगाळलं आणि हात वर केला.

"आंब्याची, साहेब. वास घेऊन बघा."

त्यांनी हात पुढं करून खिडकी ओढून घेतली, घट्ट, आतून कडी लावली. हवा आत येऊ नये म्हणून.